बर्त्सीचा श्वास

बुडापेस्ट, १४ सप्टेंबर १९९६

चि. बोगीस अ. आ. वि. वि.,

आधी एक कोडे. तूही ते लहानपणापासून पाहत आली आहेस, फक्त कधी विचारले नसशील. दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर आपला बर्त्सी नदीतून वर येतो, तेव्हा त्याला धाप लागलेली असते. आता बर्त्सी म्हणजे कागदावर काढलेले पाणमांजराचे दहा वर्षांचे पोर. चित्रकार त्याच्या मिशा रंगवतात, ओठ हलवतात. छाती मात्र कोणी हलवत नाही, तेवढी सवड नसते. मग धाप दिसते कशी?

उत्तर असे, की ती दिसतच नाही. ती ऐकू येते, आणि डोळे मुकाट्याने कानांवर विश्वास ठेवतात. गेली सव्वीस वर्षे ती धाप मी पुरवते आहे. संहितेत नुसती वाक्ये असतात. श्वास कुठे घ्यायचा हे मी लाल पेन्सिलीने उभी रेघ मारून ठरवते. बर्त्सीने बुडी मारली की मीही श्वास कोंडते आणि तो वर येईपर्यंत सोडत नाही. एकदा चित्रकारांनी त्याला चाळीस सेकंद पाण्याखाली ठेवले होते. त्या दिवशीची धाप अस्सल आहे.

आता बातमी. फेब्रुवारीपासून नवे तेरा भाग लागणार आहेत. आमचा दिग्दर्शक कालमान नाक खाजवत सांगू लागला, की मागच्या हिवाळ्यात माझ्या खोकल्यापायी चार दिवस वाया गेले, तेव्हा एक पर्यायी आवाज हाताशी हवा. मी म्हटले, की खोकला माझा आहे, तर पर्यायही मीच निवडणार. तू तिथे सेगेदच्या बाहुलीनाट्यात बाहुल्यांना इतके छान बोलते करतेस. बर्त्सीची टेप करून पाठव. गैरसमज मात्र नको. बर्त्सी माझा आहे. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि सत्तरीपर्यंत त्याला कोणाच्या हवाली करणार नाही. तुझ्या वाट्याला फक्त माझे खोकले.

तुझ्या बाबाला सांग, की आलुबुखारचा मुरंबा पोचला. साखर नेहमीसारखीच हात आखडून घातली आहे.

लोभ आहे तेवढा पुरतो, पण थोडा वाढला तरी हरकत घेणार नाही.

तुझी,
एतेल्का आत्या

*

सेगेद, २९ सप्टेंबर १९९६

ती. एतेल्का आत्यास बोगीचा शि. सा. न.

टेप सोबत आहे. सगळे तुझ्याच पद्धतीने केले. गेल्या वर्षीचे सहा भाग कॅसेटवर उतरवून घेतले, चाळीसेक वेळा ऐकले आणि श्वासागणिक लाल रेघ मारली. टेप लावून पाहिली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात माशाच्या रश्श्यात पाप्रिका घालत होते. तिथूनच ओरडले, की एतेल्का, येणार होतीस तर कळवायचेस तरी, मोठा मासा आणला असता! दारात मी एकटीच दिसले तेव्हा म्हणाले, की एक एतेल्का कमी होती म्हणून दुसरी घडवायला निघालीस काय?

एका गोष्टीने मात्र मी थक्क झाले. प्रत्येक भागात बर्त्सी वर येऊन जे ओरडतो, ‘आई, मी आलो वर, पण मासा राहिला खाली,’ त्यात तू ‘मासा’ शब्दाच्या आधी एक बारीक श्वास घेतेस. सहाही भागांत, नेमका तिथेच. आधी कारण कळेना. मग उमगले, की मासा निसटल्याची त्याला लाज वाटते आणि म्हणून तो क्षणभर थबकतो. केवढी ही कारागिरी! त्या एका श्वासावर मी चार दिवस घालवले. बरोबर ओळखले ना?

आणि आत्या, खोटे कशाला लिहू? खोकल्यांपेक्षा थोडे जास्त वाट्याला आले, तर मला आवडेल.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी,
बोगी

*

बुडापेस्ट, १० ऑक्टोबर १९९६

चि. बोगीस अ. आ.

कालमानने टेप दोनदा ऐकली, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, की एतेल्का, आता तू खुशाल खोक. त्याला आपल्या दोघींत फरक सापडेना. मी हसले आणि टेप घरी घेऊन आले.

मग तुझ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसले, कारण तो श्वास मी केव्हा ठरवला हे मलाच आठवेना. क्रमाने गेले. माझ्या संहिता कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. १९७० च्या संहितेत त्या वाक्यावर रेघ नाही. १९८० च्या संहितेत नाही. गेल्या वर्षीच्या संहितेतही नाही. म्हणजे तो मी कधी ठरवलेलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून जुन्या फिती मागवल्या. नव्वदपर्यंत सबंध वाक्य एका दमात आहे. त्र्याण्णवमध्ये ‘मासा’च्या आधी किंचित अडखळ. गेल्या वर्षी उघड श्वास.

बोगी, ती लाज नव्हे आणि कारागिरीही नव्हे. ते माझे फुप्फुस आहे.

दरवर्षी फरक इतका थोडा पडत गेला, की तो ना कालमानला ऐकू आला, ना मला. स्वतःच्या तोंडी तो मला कधीच सापडला नसता. तुझ्या तोंडी सापडला. धडधाकट छातीची एकोणतीस वर्षांची मुलगी मन लावून माझ्यासारखी धापा टाकत होती, आणि आपला बर्त्सी तीन जिने चढून आलेल्या आजीसारखा बोलत होता.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. तुझ्या नकलेत खोट शोधत होते. ती चोख होती, हेच तर दुखणे. तिसऱ्या दिवशी कालमानला जाऊन सांगितले, की तेराच्या तेरा भाग बोगीचे. तो म्हणाला, की तुला वेड लागले आहे, मुलांना असले काही कळत नाही. मी विचारले, की मग इतकी वर्षे आपण कोणासाठी घसा फोडला? त्यावर त्याने बराच वेळ नाक शिंकरले आणि करार लिहायला घेतला.

अट एकच. त्या सहा कॅसेट फेकून दे. तिथल्या तरणतलावावर जाऊन बस आणि पाण्यातून वर आलेली पोरे पहिले वाक्य कसे बोलतात ते ऐक.

माझ्याबद्दलचा लोभ ठेव, माझे श्वास ठेवू नकोस.

तुझी,
एतेल्का आत्या

*

बुडापेस्ट, ५ फेब्रुवारी १९९७

ती. एतेल्का आत्यास शि. सा. न. वि. वि.,

तुझ्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. गुडघ्यांचे निमित्त करून तू नेमकी माझ्या ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात हेवीझच्या गरम पाण्यात जाऊन बसलीस, हे मला कळत नाही असे समजू नकोस.

पहिला दिवस वाईट गेला. ‘मासा’ आला की घसा आपोआप श्वास घ्यायचा. सात वेळा तसेच झाले. कालमानने काचेपलीकडून विचारले, की टेबलाखाली एतेल्का लपली आहे का? शेवटी बूट काढले आणि तलावावरच्या पोरांसारखी उकिडवी बसले. श्वास कोंडला, ताडकन उठले आणि वाक्य फेकले. ते एका दमात गेले. कालमानने पुढचे पान उलटले. ध्वनिमुद्रक हळूच म्हणाले, की त्याचे पान उलटणे म्हणजेच शाबासकी.

पण आत्या, आता बर्त्सी तुझ्यासारखा वाटत नाही. पहिला भाग सोळा तारखेला आहे. मला भीती वाटते.

जे वाटेल ते खरे लिही, फक्त प्रेमाने लिही.

तुझी,
बोगी

*

हेवीझ, १७ फेब्रुवारी १९९७

चि. बोगीस अ. आ.

काल आम्ही अकरा जणी स्नानाच्या अंगरख्यांवरच इथल्या आरोग्यभवनाच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलो होतो. मी टीव्हीकडे पाठ केली. शेजारच्या बाईंनी विचारले, की मान आखडली आहे का? मी सांगितले, की परीक्षा घेते आहे.

ही परीक्षा कोणालाही घेता येते. कार्टून लागले की पाठ फिरवून बसायचे, पाच मिनिटे फक्त ऐकायचे आणि मग स्वतःला विचारायचे, की डोळ्यांपुढे कोण उभे राहिले. माइकसमोरचे माणूस दिसले, तर काम फसले. पात्र दिसले, तर साधले.

प्रथम मला मी दिसले, हे कबूल करते. मग बूट काढलेली तू दिसलीस. मासा निसटला तेव्हा मात्र आपण दोघीही नव्हतो. एक ओलेचिंब पोर उभे होते, आणि त्याला मी ओळखले. सत्तर सालचे ते.

येत्या रविवारी तुझ्या बाबालाही पाठ फिरवून बसव आणि कोण दिसले ते विचार. त्याने माझे नाव घेतले नाही, तर लगोलग मला कळव.

तुझी,
एतेल्का आत्या