हँगरवरचा रंग

अण्णा, काल एक चित्र लिलावात कोट्यवधी रुपयांना विकले गेले आणि ते पाहताना मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली. वडिलांवर रागावण्याचे माझे वय राहिलेले नाही, हे मी जाणतो. बातम्यांमध्ये ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्यात माणूस नाही, झाड नाही. नुसते रंगांचे पट्टे, एकावर एक. माझी मान सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळली. दिवाळीच्या आधी तुमची सून गेली, तेव्हापासून ती खुर्ची रिकामी आहे. चित्र पाहून ती काय म्हणाली असती, ते मला ठाऊक आहे. "आज अण्णा हवे होते," एवढेच म्हणाली असती.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. "एवढ्या पैशात चाकणला अख्खा प्लांट उभा राहिला असता की राव," असे एक निवृत्त फोरमन म्हणाले. दुसरे म्हणाले, "आमची नात रोज भिंतीवर हेच काढते. बायको ओरडायची, तिला म्हटलं, आता ओरडू नको, फ्रेम कर!" सगळे हसले. मग फोरमन माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, काय हाय त्यात?" मी म्हणालो, "आमच्या घरात ते समजणारी दोन माणसे होती." त्यांनी सहज विचारले, "आणि तुम्ही?" मी उठून घराकडे निघालो.

काळेवाडीचे आपले दोन खोल्यांचे घर मला आठवते. तुम्ही पहिल्या पाळीहून आला आहात, तुमच्या सुनेने दूध तापत ठेवले आहे. डब्याच्या पिशवीतून तुम्ही वाळलेल्या रंगाचे एक ढेकूळ काढता. तुमच्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गाड्यांचे सांगाडे ज्या हँगरना टांगलेले असत, त्या हँगरवरही रोज रंग उडे, भट्टीत भाजला जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा रंग बसे. पुढे तो जाड थर खरवडून फेकून देत. त्यातलाच हा तुकडा. मोरीपाशी बसून तुम्ही तो ओल्या पॉलिश पेपरवर घासता आणि आतून पट्टे निघू लागतात: लाल, पांढरा, शेवाळी, निळा. ती ओटा सोडून तुमच्या शेजारी उकिडवी बसते. "अण्णा, यात आभाळ दिसतंय!" "आभाळ न्हाई सूनबाई, आमची लाइन हाय ती. एकामागं एक गाड्या चालल्यात बघ." मी कचेरीतून येऊन दारात उभा आहे. "याचा उपयोग काय?" असे मी विचारतो. तुम्ही मान वर करत नाही. "तुला न्हाई कळायचं. ते दूध बघ जरा." दूध उतू गेलेले असते. तुम्ही दोघे तुकडा उजेडात धरून हसता आणि मी शेगडी पुसतो. तुम्ही मला महाविद्यालयापर्यंत शिकवलेत, नोकरी लागल्यावर घड्याळ दिलेत. तो तुकडा मात्र तुम्ही तिच्या हातावर ठेवलात.

आजारपणात तो तिच्या उशाशी असे. शेवटी तिने एवढेच मागितले, "माझ्यामागे हा अण्णांच्या फोटोपाशी ठेवा." "तुम्ही जपा," असे मला म्हणणे तिला सुचले नाही. मी होकार दिला. आज सकाळी मी तो खिडकीतल्या उन्हात धरून पाहिला. मला आभाळ दिसले नाही, गाड्याही दिसल्या नाहीत. मात्र तो हाताळून हाताळून एका कडेला किंचित खोलगट झाला आहे. ती तिच्या अंगठ्याची जागा. माझा अंगठा तेथे बरोबर बसतो.

हा कागद मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवणार आहे. तुकडाही त्याच खिशात आहे, तुमच्या फोटोपाशी नाही. तुम्ही दोघे आता एकत्र असाल, तुम्हाला त्याची काय गरज, असे मी स्वतःला बजावतो. खरे सांगायचे तर तो तुम्हाला द्यावा असे मला वाटत नाही.