खुर्चीत न बसण्याची शपथ

१२ नोव्हेंबर १९७२, रविवार
बंधूंनो (श्रोता मी एकटाच, पण सवय), आपली सर्वांची तक्रार एकच: या देशात साध्या माणसाला बसायला साधी, देखणी खुर्ची नाही. एक तर सिंहाच्या पंजांची, नक्षीदार, सरंजामी. नाहीतर लोखंडी, घडीची. आज भिंगारला जालिंदरच्या जुन्या सामानाच्या दुकानात तिसरी सापडली. कुणी परदेशी इंजिनिअर बंगला सोडून गेला, त्याची. सागवान, वेताची बैठक, एक खिळा दिसत नाही. डेन्मार्कची, वीस वर्षांपूर्वीची. हिचा फोटो मासिकात पाहिला होता. नक्षी नाही म्हणजे मिरवणं नाही. ही समतेची खुर्ची. घेतली.
मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. बायकोला, रतनला, सांगितलं, वाचनालयाची कागदपत्रं आहेत. अगदी खोटं नव्हे. खुर्चीवर एक फाईल ठेवली आहे.

१९ नोव्हेंबर
दुष्काळी कामावर सभा. बायका उन्हात खडी फोडतात आणि मुकादम खुर्चीत. भडकलो. जाहीर केलं: पाऊस पडेपर्यंत हा सूर्यभान खुर्चीत बसणार नाही, त्याच्या घरात खुर्ची राहणार नाही. टाळ्या. घरच्या दोन्ही लोखंडी खुर्च्या कामावरच्या पाळणाघराला दिल्या. खडी फोडणाऱ्या रंगुबाईनं हार घातला. आमच्या मागच्याच गल्लीतली.
घरी रतन एवढंच म्हणाली, डॉक्टरांनी मला खाली बसू नको सांगितलंय, गुडघ्यापायी, ते तुमाला ठावं हाय ना. ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात आठवलं नाही.
शपथेत डेन्मार्कची धरलेली नाही. ती अभ्याससाहित्य.

२२ नोव्हेंबर
रतनला उठताना भिंत धरावी लागते. पाटावर बस म्हणून सुचवलं. तिनं पाट उचलून परत भिंतीला लावला.
निश्चय: खरेदी बंद.

३ डिसेंबर
खरेदी बंद, एवढंच सांगायला जालिंदरकडे गेलो. तो म्हणाला, मास्तर, त्याच सायबाचा दिवा हाय, असला पुन्हा यायचा न्हाई. पितळेचे तीन पाय, तीन माना, तीन टोप्या. हवी ती मान हवी तिकडे वळते. शपथेत दिव्याचा उल्लेख नाही. वाकवलेल्या प्लायवूडची एक खुर्चीही आली. एकाच घरातल्या वस्तूंची ताटातूट बरी नव्हे.
रतन दळणाला गेल्यावर टांग्यातून आणलं, वर गोणपाट. रंगुबाई आडवी आली. काय आणलं मास्तर? म्हणालो, पुस्तकं. ती म्हणाली, लई लांब पायाची हायत.

२० डिसेंबर, सकाळी
रोज पहाटे खुर्च्यांसमोर जमिनीवर बसून त्या बघतो. बघणं म्हणजे बसणं नव्हे. किल्ली कपाटातल्या जाड ग्रंथांच्या मागे आहे. तिथे कोण हात घालतो?
काल रतन उभ्यानं भाकरी थापत होती. मान वर केली नाही. मीही लवकर बाहेर पडलो. दिवसभर मन खात होतं. पुढच्या भाषणाचा विषय ठरवून टाकला: स्त्रियांचे न दिसणारे कष्ट.

७ जानेवारी १९७३
रतन म्हणाली, औंदा हळदीकुंकू न्हाई करायची. बायका खाली बसनार, मी कशी बसू आन कशी उठू? एकवीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. म्हणालो, दुष्काळात साधेपणच शोभतं. ती ताट घेऊन आत गेली. एक खुर्ची बाहेर काढावी का? पण कुठून आली म्हणून सांगू? संक्रांत होऊन जाऊ दे.

१४ जानेवारी, संक्रांत
राजूरच्या सभेला निघालो, एसटी वाटेत बिघडली, संध्याकाळी परत. मागची खोली सताड उघडी. तिन्ही टोप्या पेटलेल्या. डेन्मार्कच्या खुर्चीत रतन, पाय लांब, मांडीवर कुंकवाचं तबक. प्लायवूडवर रंगुबाई, माझी फाईल तिच्या पायाखाली. सतरंजीवर पाच बायका.
रतन म्हणाली, महिना झाला, दुपारची हितं बसते, म्हणून तर पायावर उभी हाय. ग्रंथांची धूळ या घरात कोण झाडतं? हे खरंच कधी माझ्या मनात आलं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाली, मी हळदीकुंकू न्हाई करत म्हणाले, ते तुमी कुलूप काढताय का बघायला. आठ दिवस वाट बघितली.
रंगुबाई उठून म्हणाली, बसा मास्तर. लगेच स्वतःच म्हणाली, न्हाई बया, तुमची शपथ हाय. सतरंजीवर जागा करून दिली, हातावर तिळगूळ ठेवला. बायका पदराआड हसत होत्या. मी खाली बसलो.

त्याच दिवशी, साडेसात
बायका गेल्या. अजून सतरंजीवरच आहे. उद्या साऱ्या गल्लीला कळेल, परवा खडीच्या कामावर. कळू दे. त्या आठ दिवसांपुढे ते काहीच नाही. ठराव: ती खुर्ची आत्ताच स्वतःच्या हातानं उचलून स्वयंपाकघरात ठेवायची. सूचक मी, अनुमोदक मी, मंजूर.
दोनदा उठून पाहिलं, जमलं नाही. दोन महिने जमिनीवर बसून गुडघा धरला आहे. भिंत लांब आहे.
रतन, इकडे ये. जरा हात दे.