विहिरींची पाहणी, भाग एक ते चार

३ मार्च, सोमवार

'आयता डेटा' म्हणाला! बारा माणसांसमोर. भिंतीवरच्या पडद्यावर माझी सूची वर-खाली सरकत होती — सत्तावीस वर्षांची सूची — आणि हा म्हणतो आयता.

संस्थेची नवी वेबसाइट होणार. मजकूर कोण लिहिणार? कोणीच नाही. ग्रंथालयाच्या सूचीतून उचलणार. संस्थेने काय छापलं, कोणी लिहिलं, कशावर लिहिलं, सगळं माझ्या नोंदींत आहेच. रोज सकाळी सहाला यंत्र नोंदी उचलेल, पानं आपोआप तयार होतील. ग्रंथालयात एकदा लिहा, साइटवर दहा ठिकाणी दिसेल.

वेबसाइट करणारा गृहस्थ पंचेचाळिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात. म्हणे इतका स्वच्छ डेटा त्याने कुठे पाहिला नव्हता. कौतुक होतं ते. मी त्याचं नाव ठेवलं — आयतोबा.

संचालकबाई माझ्याकडे बघून हसल्या. मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही, म्हणाल्या.

ठीक. काहीच करायचं नाही.

४ मार्च

उद्घाटन अठ्ठावीस तारखेला. कोणाच्या हस्ते? जुन्या साहेबांच्या, सर्वेक्षणाच्या माजी विभागप्रमुखांच्या. ऐंशी पूर्ण झाली. पहिल्या पानावर त्यांचा फोटो, फोटोखाली त्यांची ग्रंथसंपदा. ती यादीही सूचीतूनच येणार. म्हणजे त्यांच्या गळ्यातला हार मीच ओवायचा.

६ मार्च, गुरुवार

आयतोबाने नमुना पाठवला. 'आजी-माजी कर्मचारी' असं एक पान. जुन्या हजेरीपटावरून नावं घेतली आहेत आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाच्या लेखनाची संख्या, सूचीतून मोजून.

ताईचं नाव शोधलं. सर्वेक्षक, सहा वर्षं. पुढे — नोंदी: ०.

साहेब — नोंदी: १९.

त्या एकोणिसातल्या चार ताईच्या आहेत. 'विहिरींची पाहणी', भाग एक ते चार. तीन वर्षं ती खोली मोजायची टेप घेऊन हिंडली. टेपच्या टोकाला शिशाचं वजन. आठशे बारा विहिरी. घरी आली की तळहातावर दोन काळ्या रेघा असायच्या, साबणाने जायच्या नाहीत. लिहायची जेवणाच्या टेबलावर. मी समोर बसून ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. तिचं एकेक वाक्य माझ्यादेखत लिहिलं गेलं. 'पाणी दिसत नाही, पण वजन टेकलं की हाताला कळतं' — हे वाक्य तिने चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा ठेवलं.

आणि मुखपृष्ठावर साहेब. तेव्हाची पद्धत होती म्हणे, अहवाल विभागप्रमुखाच्या नावे काढायची. चौथा भाग छापून आला आणि चार महिन्यांत ताईने नोकरी सोडली. शाळेत गणित शिकवायला लागली. त्यानंतर वाणसामानाची यादी सोडून काही लिहिलं नाही.

तो माणूस माझ्या बहिणीचं नाव खाऊन ऐंशीचा झाला. पचलंही.

७ मार्च

कोणी म्हणेल, सूची तुझ्याच हातात आहे, बदल की. नाही बदलत. पुस्तकावर जे छापलंय तेच नोंदीत जातं. हाच नियम मी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवला. स्वतःच्या बहिणीसाठी मोडला तर उद्या जो तो आपली माणसं घेऊन येईल. इथली जागा निघाल्याचं मला ताईनेच कळवलं होतं. 'बहिणीच्या वशिल्याने लागली' हे पहिलं वर्षभर जिन्यात ऐकलंय. तेव्हापासून एक नोंद वाकडी केली नाही.

पण नियमाला एक खिडकी आहे — टीप. पुस्तकावर छापलेलं नाही पण ग्रंथपालाला खात्रीने माहीत आहे, ते टिपेत लिहायचं. ताईसाठी मी टीप लिहिलेली आहे. पक्की आठवते. 'पाहणी व लेखन', आणि पुढे तिचं पूर्ण नाव.

साइटवर टिपा दाखवलेल्याच नाहीत. दाखवायला लावणार!

८ मार्च

राग उतरत नाही. दोन कप फोडले. एक चुकून.

१० मार्च, सोमवार

आयतोबाला सांगितलं, टिपा दाखवा. त्याने चष्मा नाकावर चढवला. सगळ्या? नक्की? लोक टिपांत काहीबाही लिहून ठेवतात, म्हणाला. मी म्हटलं, लोक लिहीत असतील. माझ्या नोंदींत लपवण्यासारखं काही नाही.

११ मार्च

तोंडावर आपटले.

बैठकीत पडद्यावर साइट उघडली. प्रत्येक पुस्तकाखाली टीप. संचालकबाई मोठ्याने वाचायला लागल्या. 'हीच प्रत लेखकाने तिसऱ्यांदा भेट दिली. पुढच्या वेळी दार लावून घ्यावे.' 'पान ४१ पुढची पाने अजून जोडलेलीच आहेत, कापलेली नाहीत. अर्थात प्रस्तावनाकारानेही वाचलेले नाही.' 'शीर्षक बरे आहे.' छपाई विभागाचा प्रमुख हसता हसता ठसक्याने लाल झाला. मग चौथी टीप आली. ती त्याच्याच पुस्तकाची होती.

हे तुम्ही लिहिलंय, मॅडम? बाईंनी विचारलं. हो, म्हटलं, आणि खरं आहे. त्यावर बाईसुद्धा हसल्या. उद्यापर्यंत चाळून घ्या, एवढंच म्हणाल्या. चांगल्या आहेत तशा. मला तेही आवडलं नाही.

मी हसत नव्हते. कारण तोवर माझ्यासमोरच्या संगणकावर मी विहिरी उघडल्या होत्या. भाग एक, टीप: रिकामी. दोन, रिकामी. तीन. चार.

१२ मार्च

आयतोबाला फैलावर घेतलं. चार नोंदींच्या टिपा कुठे घातल्यास? वयाने लहान आहे म्हणून एकदम अरे-तुरेवर आले. त्याने मनाला लावून घेतलं नाही.

"मॅडम, मी गाळणी लावलेली नाही," म्हणाला. "एकोणचाळीस हजार नोंदी मोजून घेतल्या, मोजून ठेवल्या. तुमच्याकडे आहे तेच माझ्याकडे आलंय."

मूळ सूची त्याने माझ्यादेखत उघडली. तिथेही रिकामं.

मग आधी गळलं असणार. पंधरा वर्षांपूर्वी कार्डांवरच्या नोंदी संगणकात भरल्या तेव्हा. कंत्राटदाराची माणसं बसायची, एक डोळा कार्डावर, एक घड्याळावर. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे लोक टिपा खातील!

तो शांतपणे म्हणाला की कार्ड दाखवा. कार्डावर टीप असेल तर तो स्वतः भरणार. आणि साहेबांच्या यादीच्या वर लावणार, उद्घाटन असो नाहीतर काही असो.

उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार

ताईकडे. तिचे गुडघे पुन्हा धरलेत. खिडकीशी बसून शेजारच्या मुलीची गणितं तपासत होती. चुकीच्या उत्तरावर काट मारत नाही, बारीकसं टिंब देते. मुलं टिंबालाच जास्त घाबरतात म्हणे.

मी सगळं सांगितलं. साइट, शून्य, साहेब, हार. माझा आवाज चढत गेला. ती वही तपासत राहिली. मग म्हणाली, "साहेबांना काही बोलू नकोस गं. भला माणूस आहे."

भला! मी उठून उभीच राहिले. तुझं नाव गिळलं त्याने, म्हटलं, आणि तू त्याची तरफदारी करतेस? तुला कधी चीड म्हणून येत नाही का?

"आली होती," ती म्हणाली. "त्यांची नाही."

मग कोणाची, विचारलं. चहा टाक, म्हणाली.

निघताना सांगितलं की कार्डांची कपाटं तळघरात आहेत, उद्या-परवा काढून बघणार. तिने पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

"कशाला धुळीत जातेस, धाकटे? खोकला होईल तुला. राहू दे ते."

तिच्या असल्या सोशिकपणाने माझं डोकं फिरतं. घरी येईपर्यंत मनातल्या मनात साहेबांशी भांडत होते. साहेब हरले.

१८ मार्च

दफ्तरीकडून तळघराची किल्ली मागितली. सापडेना. तो आणि मी एकाच वर्षी लागलो, त्यामुळे मला घाबरत नाही. मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात की आता कार्डांचं काम संपलं, म्हणाला, म्हणून मीही किल्लीचं काम संपवलं. शेवटी टेबलाच्या पायाखालून निघाली. टेबल डगमगू नये म्हणून घातली होती. ती काढल्यावर टेबल डगमगतं. त्यालाही मीच जबाबदार.

१९ मार्च, बुधवार

कपाट सापडलं. खण सापडला. कार्ड सापडलं.

चारही भाग एकाच कार्डावर. लेखक: साहेब. टीप नाही. पाठ कोरी. कार्ड उजेडात धरून पाहिलं, काही खोडल्याची खूणही नाही. टीप कधी नव्हतीच.

कार्डामागे टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. टाचणी गंजून कागदात रुतलेली. संस्थेचा कागद. साहेबांचं अक्षर — उजवीकडे कललेलं, इथे सगळे ओळखतात.

'ग्रंथालयास. विहिरींच्या चारही भागांची पाहणी आणि लेखन आमच्या सर्वेक्षक बाईंचे आहे. मुखपृष्ठावर त्यांचे नाव यावे म्हणून मी प्रयत्न केला. वरिष्ठांनी मानले नाही. निदान तुमच्या सूचीत लेखिका म्हणून त्यांचेच नाव द्यावे, ही विनंती.' पुढे ताईचं नाव. पूर्ण. खाली सही.

सहीखाली लाल शाईत:

'मुखपृष्ठावर नाव नाही. नियमात बसत नाही. शिवाय संबंधित व्यक्ती माझी सख्खी बहीण आहे. सवलत देता येणार नाही.'

अक्षर माझं. आद्याक्षरं माझी. नोकरीला लागून पाच महिने झाले होते.

आठवत नाही. तळघरात उभी राहून आठवायचा प्रयत्न केला. टीप आठवते, जी मी लिहिली नाही. हे आठवत नाही, जे लिहिलं.

आणि नियमात बसत होतं! विभागप्रमुखाची लेखी चिठ्ठी हाताशी असताना टीप देता आली असती. लेखिका म्हणून वेगळी नोंदही देता आली असती. कोणत्याही परक्या बाईला मी ती दिली असती. जिन्यातले लोक काय म्हणतील म्हणून बहिणीला तेवढी दिली नाही.

कंत्राटदाराच्या माणसांनी काहीही खाल्लेलं नाही. आयतोबानेही नाही. त्याचं यंत्र रोज सकाळी सहाला माझंच लिहिलेलं उचलतं आणि दहा ठिकाणी लावतं.

२० मार्च

नोंद उघडली. लेखिका: ताईचं नाव. टीप: 'पाहणी व लेखन त्यांचे. आधार — विभागप्रमुखांची चिठ्ठी, कार्डामागे.' संगणक विचारतो, बदलाचं कारण? सात कारणांची यादी देतो, त्यातून एक निवडायचं. 'नवी माहिती' यावर बोट गेलं होतं. मागे घेतलं. 'सूचीकाराची चूक' निवडलं.

चार नोंदी, चार वेळा.

आयतोबाला कार्ड दाखवलं, चिठ्ठीसकट. त्याने वाचलं. लाल शाईपाशी थांबला. चष्मा काढून दोरीवर सोडला आणि म्हणाला, उद्या सहाला येईल साइटवर. त्याला नावं ठेवणं आता बंद.

२१ मार्च

सहा वाजून दोन मिनिटं. ताई — नोंदी: ४.

२३ मार्च, रविवार

ताईसमोर चिठ्ठी ठेवली. तिने चष्मा शोधला नाही. घडीही उघडली नाही.

"मीच आणून दिली होती ती तुझ्या टेबलावर," म्हणाली. "तू वरही पाहिलं नाहीस. लाल पेन माझंच मागून घेतलंस."