पूर्वीचा पत्ता

जठारपेठ, अकोला
ता. २१ फेब्रुवारी १९६२

मैनाआक्कास देवमनचा जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. आम्ही तिघंही बरी आहोत. कौशल्या आता चुलीपाशी बसू लागली आहे. बाळानं आत्याचं नाक घेतलं आहे, त्याला माझा इलाज नाही. भाऊजींचा खोकला कसा आहे?

रविवारी आईला घेऊन अमरावतीहून येते म्हणतेस. आक्का, एवढ्यात येऊ नका. गाडीच्या कागदांची भानगड झाली आहे.

अकोटच्या रस्त्यावर इन्स्पेक्टरनं माझी टॅक्सी अडवली. लायसनवर आणि गाडीच्या पुस्तकावर अजून गावचाच पत्ता. सोमवारपर्यंत दोन्हीवर जठारपेठ करून आण, नाहीतर गाडी उभी करीन, म्हणाला. गाडी उभी राहिली तर आम्ही खायचं काय? कचेरीत गेलो तर त्यांनी फारम दिला. त्यावर घरमालकाची सही हवी. एवढंच काम. तू म्हणशील, यात रडायचं काय?

फारमवर 'पूर्वीचा पत्ता' असा रकाना आहे. कारकुनानं तो पुस्तकात पाहून आपल्याच हातानं भरला, महारपुरा, हिवरखेड. मी म्हटलं, "साहेब, नुसतं हिवरखेड लिवा ना." तो म्हणे, "पुस्तकात हाय तेच लिवा लागते." त्याचं तरी काय चुकलं?

आमचे घरमालक नत्थुजी म्हणजे रिटायर तलाठी. तुला सांगितलं नव्हतं, पण या खोलीआधी दोन महिने मी अख्खं अकोला पालथं घातलं. जात सांगितली की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. नत्थुजींनी फक्त आडनाव विचारलं. वानखडे म्हटल्यावर, "आमच्या सोयऱ्यायतही वानखडे हायेत," म्हणाले आणि किल्ली दिली. मी गप्प राहिलो. तेव्हापासून गप्पच आहे. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत, कौशल्येच्या लुगड्यांखाली आहे. तिनं नाही, मी ठेवली.

हे लोक वाईट असते तर बरं झालं असतं. मालकीणबाई पार्वताबाईंनी कौशल्येला डिंकाचे लाडू करून दिले. बाळाला रोज तेल लावतात. आणि नत्थुजी रोज ओट्यावरून विचारतात, "काहून हो वानखडे, फारम काहून आणून नाही राहिले? सही कराले मी का पैसे घेतो?"

आज त्यांनी फारम माझ्या हातातून घेतलाच. चष्मा दुरुस्तीला टाकला आहे, उद्या आला की वाचून सही करतो, म्हणाले. तलाठी माणूस, न वाचता सही करायचा नाही. फारम परत मागायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि फिरलो. काय सांगून मागू? गाडी वाचवावी तर घर जातं, घर वाचवावं तर गाडी. मला काही सुचत नाही, आक्का.

पण येऊ नका म्हणतो ते फारमसाठी नाही.

मागल्या महिन्यात तू बाळाला पाहायला आलीस आणि दारातच मोठ्यानं जयभीम म्हणालीस. दुपारी तू पार्वताबाईंना पाणी मागितलंस, तर त्यांनी ते तुझ्या ओंजळीत वरून ओतलं. जाताना तू मला विचारलंस, "देवमन, त्यायनं असं काहून केलं रे?" मी म्हणालो, जुन्या वळणाच्या आहेत, मनावर घेऊ नको. खरं असं की त्यांनी मला आधी विचारलं होतं, "कोण व्हय ही?" आणि मी म्हणालो होतो, "गावची बाई हाय, बाळंतिणीच्या कामाले आणली." तू दिवसभर धुणं धूत बसलीस, म्हणून त्यांना ते पटलंही.

उद्या नत्थुजी काय म्हणायचं ते म्हणोत. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं.

रविवारी आई दारात उभी राहिली आणि पार्वताबाईंनी विचारलं, तर मी तिला आई म्हणेन, असं मला छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही. तिला काय सांगायचं ते तूच बघ.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
देवमन