बाभुळबनातल्या भोरड्या

११ जानेवारी
सकाळपासून पाय एका जागी ठरेना. लातूरहून शेतकी खात्याचा हुकूम आला: औसा तालुक्यात भोरड्या ज्वारीचं किती नुकसान करतात, एका पानात कळवा. एका पानात! जिल्हा नवा, ऑफिसात कपाट नाही, पाटीवर जुन्या जिल्ह्याच्या नावावर चुना फासलेला, पण घाई बघा. सरपंचांचं आधीच ठरलंय. कोरड्या तळ्याकाठचं बाभुळबन तोडा, पाखरांचा मुक्काम मोडा.

१३ जाने.
दिवसभर राधामावशीच्या राखणीच्या माळ्यावर. माझी घरमालकीण, रोजानं लोकांची ज्वारी राखते. पाऊस झालाच नाही, कणसं बोटाएवढी, त्यावर हजारभर भोरड्या. अंग गुलाबी, डोकं अन् पंख काळे, उन्हात जांभळी झाक. गोफण सुटली की सगळा थवा उठतो, वळतो, पुन्हा दुसऱ्या टोकाला बसतो. मावशीच्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.
पाच पडल्या. चिरून बघितल्या. पाचही पोटांत दुधाळ ज्वारी. सहावीच्या पंखाला दगड लागला, ती शेजारच्या बनात, बाभळीच्या काट्यात शिरली. शोधली, सापडली नाही.
हदगावात आई रोज पंचशील म्हणते. पहिलंच शील, जीव मारू नये. अन् लेक इथं ब्लेड घेऊन बसलेला.

१६ जाने.
अहवाल धाडला. ‘पक्षी सर्वस्वी ज्वारीवर जगतो. बन तोडावे.’ सही झोकात केली. सुटलो एकदाचा.

२ फेब्रु.
सुटलो कुठला. अहवालाचं सहज मावशीला सांगितलं. ती हसायलाच लागली.
“ज्वारीतलं पाखरू मारल्यावर पोटात ज्वारीच निघंल की सायेब! माळावरलं कामून न्हाई बघितलं?”
तोंडात मारल्यासारखं झालं. शेतकीचं शिक्षण गेलं चुलीत. मग हसू थांबलं तिचं. म्हणाली, “गावात काडी न्हाई चाऱ्याला. माझ्या दोन शेळ्या त्या बनातल्या शेंगांवर जगून राहिल्यात. बन गेलं तं काय माझं लुगडं खातील?”
जेवण गेलं नाही. पाच जीव घेतले, तेही चुकीच्या जागी.

५ फेब्रु.
आता मारायचं नाही, ठरवलं. सकाळी बनाखाली बसून त्यांची शीट कुस्करतो. टोळांच्या तंगड्या, किड्यांची कवचं, मधूनमधून ज्वारीचा कोंडा. जाणारे-येणारे बघतात. “सायबाला काय सापडून राहिलंय?” विचारू द्या.

१ मार्च
ज्वारी निघून पंधरा दिवस झाले, भोरड्या इथंच! ज्वारीवरच जगत असत्या तर थांबल्या असत्या? दिवसभर माळावर. शेळ्या चालल्या की गवतातले टोळ उडतात, या मागून टिपतात. पळसावर चोची घालून तोंडं पिवळी करून घेतात. टँकरच्या गळतीखाली बायकांच्या घागरींआधी यांची रांग. सगळं वहीत टिपलं. झोप नीट नाही. कागद कुठवर गेला असेल?

८ मार्च
लातूर. दुसरा अहवाल टेबलावर ठेवला. साहेबांनी पहिला काढला.
“ही सही कुणाची?”
“माझीच, साहेब. पण चूक...”
“मग मी विश्वास कुणावर ठेवू? जानेवारीतल्या तुमच्यावर का मार्चातल्या?”
तोडीच्या मंजुरीचा कागद वर गेलाय म्हणे. नवा अहवाल ‘सोबत जोडू’. बसमध्ये औशापर्यंत उभाच होतो, जागा असून.

१२ एप्रिल
गेल्या! काल संध्याकाळी बनात नुसता गलका, आज चिडीचूप. दूर वायव्येला जाऊन घरटी करतात असं पुस्तकात आहे. इथं त्यांचं अंडं कुणीच पाहिलेलं नाही. पावसाळा सरता परत येतील. बसणार कशावर? जीव थाऱ्यावर नाही.

२० एप्रिल
हुकूम आला. बन तोडावे. खाली एक ओळ वाढलीय: झाडांवर पक्षी नसल्याची खात्री तालुक्याच्या कर्मचाऱ्याने करावी, मगच तोड. कर्मचारी म्हणजे मी. म्हणजे माझा दुसरा अहवाल कुणीतरी वाचलाय!
पण खात्री कसली करायची आता. सगळ्या तर गेल्या.

२३ एप्रिल
करवतवाले सकाळीच हजर. सरपंचांनी पंचनामा पुढं केला. रकाना: पक्षी आढळले काय? पेन उघडलं. तेवढ्यात मावशीनं शर्ट ओढला.
“ते बगा.”
खालच्या फांदीवर एकच भोरडी. डावा पंख लोंबलेला. जानेवारीत काट्यात शिरलेली तीच असणार, दुसरी कुठली? थव्याबरोबर जाता आलं नाही तिला. आमच्यामुळं.
रकान्यात लिहिलं, होय.
“एका पाखरापायी? नोकरी नकोशी झाली का?” सरपंच भडकले. कागद हिसकून लातूरच्या गाडीला गेले. करवतवाले सावलीत आडवे झालेत, म्हणाले सांजेपर्यंत थांबतो.
मावशीनं शेळ्या सोडल्या. भोरडी फांदीवरून खाली उतरली, त्यांच्यामागं उड्या मारत टोळ टिपून राहिली. मी वही काढली, मोजतोय. आत्तापर्यंत सात.