रेमीचा मुकुट

डँडेनॉन्ग,
१३ सप्टेंबर १९९८

प्रिय फ्लोरीताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. इथे वसंत आला म्हणतात, पण माझ्या स्वयंपाकघराला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. दोन स्वेटर घालून लिहिते आहे.

एक विनंती. हे पत्र आधी एकटीने वाच. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचतेस, तसं नको. का ते पुढे येईल.

नोकरी संपल्यावर दिवसभर करतेस काय, असं तू विचारलंस. मी रेमीचे कॉमा सुधारते. रेमी म्हणजे आमच्या चर्चमधली फिलिपिनो बाई, माझ्याच वयाची. तरुणपणी मनिलात सौंदर्यस्पर्धेत पहिली आली, मग एका ऑस्ट्रेलियन इंजिनियरशी लग्न करून इकडे. तो वारून बारा-तेरा वर्षं झाली. त्यानंतर ती बायकांच्या मदतकेंद्रात कामाला लागली, गेल्या वर्षी काउन्सिलवर निवडून आली, आणि या सगळ्यात तिने एक पुस्तक लिहिलं. इंग्रजी बोलते फर्डं, पण लिहिताना धावत सुटते. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत साहेबांची पत्रं दुरुस्त केली, त्यामागे नन्सनी हातावर मारलेल्या पट्ट्या. तिने प्रुफं माझ्याकडे आणून टाकली. "सबीना, तू कॉमा बघ, बाकीचं मी बघते."

काल लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. मी सकाळपासून सँडविचेस करत होते, नताशाने मदत केली असती तर लवकर उरकलं असतं. असो. नताशाचं पुढे लिहिते.

बोलायला उभा राहिला तो एक समिती अध्यक्ष, पोट पुढे, टाय वाकडा. बाईने बायकांसाठी आसऱ्याची किती घरं उभी केली, किती बायकांना कोर्टापर्यंत सोबत केली, यातलं एक अक्षर नाही. "अजूनही काय दिसतात!" म्हणाला, आणि उशीवर ठेवून तो जुना मुकुट आणला. खडे लावलेला. एकदा घालून हात हलवून दाखवा म्हणाला. साठीला आलेल्या काउन्सिलरला, ताई. माझ्या हातात चहाची किटली होती, देवानेच मला आवरलं.

रेमीने मुकुट घातला. सरळ केला. आणि तो घालूनच सातवं प्रकरण वाचायला घेतलं.

त्या प्रकरणात तिचा नवरा आहे. चर्चच्या सगळ्या पॅरिशचा लाडका. घरी तिचा हात दारात चिरडणारा. नावासकट लिहिलंय. माहेराहून, इलोइलोहून, तिच्या भावाने, ते पान काढ, आमची मान खाली जाते, असं कळवलं होतं. तिने काढलं नाही. अध्यक्षसाहेब बुटांकडे बघत होते.

नंतर कप धुताना मी तिला झापलं. "हे डोक्यावर कशाला घेतलंस? तमाशा करून घेतलास."

"हे नसतं तर इतके लोक आले असते?"

"नसते."

"मग. त्यांना मुकुट बघायचा होता, बघितला. मला वाचायचं होतं, वाचलं. टॉवेल दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या बहिणीला लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. आता लिहिते.

नताशा सिडनीच्या पॅरामॅटाहून मार्चमध्ये माझ्याकडे आली तेव्हा मी तुला कळवलं होतं की लेक माझ्याजवळ आहे, इथल्याच पाळणाघरात काम मिळालंय. चार ओळी, आनंदाच्या. तिच्या नवऱ्याने, मिंगेलने, काय केलं ते लिहिलं नाही, कारण पत्र मोठ्याने वाचलं जाणार हे मला ठाऊक होतं. तू ते रोझरीनंतर वाचलंस. समोर तुझी नणंद बसली होती. तिने त्याच रात्री आपल्या लेकाला, मिंगेलला, सिडनीला फोन लावला. त्या आठवड्यात मिंगेल पाळणाघराच्या फाटकाशी उभा. पोरांच्या देखत त्याने तिचं मनगट मोडलं.

तुझा काही हेतू नव्हता, माहीत आहे. स्थळ तू आणलंस, तू तिची गॉडमदर, तुझ्या सासरचा मुलगा. म्हणून तुला वाटतं दोघांना समोरासमोर बसवलं की सुटेल. प्रत्येक पत्रात तू तिचा पत्ता मागतेस. फादर समजावतील, मिंगेल रडतो, दारू सोडली. तो इथेही रडला होता, पोलीस आल्यावर.

ताई, मला तिचा पत्ता माहीत नाही.

त्या दिवसापासून ती रेमीने उभ्या केलेल्या घरात आहे. कुठल्या रस्त्यावर ते आईलाही सांगत नाहीत, तसा तिथला नियमच आहे. पहिल्यांदा मी रेमीवर ओरडले होते. ती म्हणाली, "तुला माहीत नसलं तर तुझ्याकडून कोणी काढून घेणार नाही." रविवारी नताशा फोन करते. महिन्यातून एकदा रेमीच्या ऑफिसात भेटते. हात बरा आहे, पण बाटलीचं झाकण उघडत नाही. आजच्या फोनवर विचारत होती, "ममा, सँडविचेस पुरली का?" पुस्तक निघालं म्हणून खूश होती. मी पुरली म्हटलं आणि फोन ठेवून हे पत्र लिहायला बसले.

मी थकले आहे गं. लेक याच गावात आणि मी तिच्या खिडकीला पडदा आहे का नाही तेही सांगू शकत नाही. खोट्या चार ओळी लिहायचं बळ आता नाही. यापुढे पत्ता मागू नकोस.

आणि वर लिहिलेली विनंती मागे घेते. हे पत्र एकटीने वाचू नकोस. आज रोझरी झाली की सगळ्यांना बसव, तुझ्या नणंदेला पुढची खुर्ची दे, आणि नेहमीसारखं स्पष्ट, मोठ्याने वाच. मनगटाची ओळ दोनदा वाच.

भाऊजींच्या डोळ्यांत औषध घालायला विसरू नकोस.

नताशाची आई,
सबीना