गिअर कडक केल्याची हकीकत

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,

कृष्णातचा नमस्कार. दाजींना सांग, आणि अदितीला मामा आठवत असला तर तिलाही सांग. मी घरीच आहे, जेवतोय, अंघोळ करतोय. तू फोनवर हेच विचारतेस म्हणून आधीच लिहून टाकलं.

इकडं थंडी पडायला लागलीय. मार्केट यार्डात गुळाच्या गाड्या लागल्यात, माश्यांची चंगळ आहे. परवा एक कुत्रं गुळाची ढेप चाटत बसलं होतं आणि हमाल त्याला हाकलायचं सोडून पैजा लावत होते, कधी थांबतंय म्हणून. मी पण लावली. हरलो. ते असो.

तू विचारलंस, आबांचा पाय असा एकदम कसा गेला. मी म्हणालो, वय झालं. तुझा फोन कायम स्पीकरवर, मागं तुझ्या सासूबाई खोकतात, तिथं काय सांगणार? म्हणून लिहायला बसलोय.

आबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी लुधियानात होतो, तुला माहीतच आहे. नंतर त्यांना क्लच दाबता येईना म्हणून दादानं ती जुनी, मागं पण सीट असलेली ऑटोमॅटिक पिकअप घेतली. डॉक्टरनं मग गाडी चालवायलाच बंदी केली. तर आबा शेजारच्या सीटवर बसायला लागले. रोज. दादाच्या आधी जाऊन बसायचं आणि हात लांब करून हॉर्न वाजवायचा, की चल लवकर. यार्डात गाडी थांबली की व्यापारी दादाच्या बाजूला येतच नाहीत. वळसा घालून आबांच्या काचेपाशी जातात. भाडं तिथंच ठरतं. तो केरबा अडत्या तर दादाला, दोन पोरांच्या बापाला म्हणतो, "विजू, जा, च्या सांगून ये जा."

दादाला ती सीट रिकामी पाहिजे होती. एवढंच. पण आबांना "घरी बसा" म्हणायची आपल्या घरात कुणाची टाप आहे? तू लग्नाला नाही म्हणाली नाहीस. मी घर सोडून गेलो, पण नाही म्हणून गेलो नाही, गुपचूप गेलो. मग दादाच्या डोक्यात आलं की हे गाडीलाच सांगायला लावू.

गणपती झाल्यावर त्याचा फोन आला.

"तू त्ये गिअरबॉक्सचं शिकलायस म्हणं?"

"शिकलोय की."

"आपली गाडी लई मऊ चालतीया रं. गिअर पडला की कळाय पायजे."

"कुणाला?"

"शेजारी बसणाऱ्याला," दादा म्हणाला. "चार दिवस कंबर धरतील आन आपसूक घरी ऱ्हातील. कुणाला काय बोलाय नगो."

तुला सोपं करून सांगतो. ह्या गाडीत गिअर माणूस टाकत नाही, तेल टाकतं. गिअरबॉक्सच्या पोटात एक ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याला व्हॉल्व बॉडी म्हणतात. आत उंदराच्या बिळासारख्या गल्ल्या, त्यातनं तेल पळतं. मधे एक भोकाभोकांचा पत्रा. भोक बारीक असलं की तेल दमानं येतं आणि गिअर कधी पडला ते कळतसुद्धा नाही. भोक मोठं केलं, स्प्रिंगा ताठ घातल्या, की तेल दणक्यात येतं आणि गिअर धाडकन पडतो. लुधियानात हौशी पोरं मुद्दाम करून घेतात. त्यांची पाठ विशीतली असते. तिथला उस्ताद मला म्हणायचा तुझा हात हलका आहे, आणि तिथला पराठा काय असतो आक्का, लोणी असं वरनं… जाऊ दे.

लुधियानाहून परत येताना मी ताठ स्प्रिंगा आणि तसलाच दुसरा पत्रा आणला, गाडीतला जुना माल काढून ठेवला. नवा पत्रा मी उद्यमनगरात एकाच्या ड्रिलवर नेला. पहिलं भोक बेतानं वाढवलं. तेवढ्यानं दादाचं काम झालं असतं. पण ड्रिल चालू असतानाच मला आबांचं बोलणं आठवलं. सगळ्या हमालांपुढं त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतलेला. "ह्येच्या हाताला काय लागू देऊ नगा. एक काम धड न्हाय ह्येचं." हमाल हसले होते. दादा पण हसला होता.

दुसरं भोक मी मोठं पाडलं. तिसरं त्याहून मोठं.

पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो. मला आबांचं तोंड बघायचं होतं. आरशात दिसत होतं. पहिल्याचा दुसरा पडला आणि आबांचं डोकं सीटवर आपटलं. हात झटकन वरच्या दांडीला गेला. दुसऱ्याचा तिसरा पडला. ओठ मिटलेले. दादानं आरशातनं माझ्याकडं बघितलं आणि पाय आणखी दाबला.

आम्हाला वाटलं, उद्या येणार नाहीत. उद्या उजाडायच्या आत हॉर्न वाजला.

असं रोज चाललं. चार दिवसांचं काम म्हणून केलेलं, दिवाळी आली तरी माणूस उतरेना. आबा यार्डातनं आले की पालथे पडून राहायचे आणि पद्मजा वहिनी पाठ शेकायची. तिनं एकदा विचारलं, "भावजी, गाडीला काय झालंय? मी शेंगदाण्याची पाटी घेऊन बसले तर निम्मे खाली." मी म्हणालो, रस्ता खराब. पाडव्यानंतर आबांचा डावा पाय ओढायला लागला. मग एक दिवस वहिनीनं गरम पाण्याची पिशवी पोटरीवर ठेवली आणि विसरली. कातडी भाजली. आबा पेपर वाचत होते, वाचतच राहिले.

डॉक्टर म्हणतात, पाठीवर परत काहीतरी आदळलंय. परत ऑपरेशन, आणि पाय येईलच असं नाही. ही झाली तुझ्या प्रश्नाची खरी गोष्ट.

आणि तू पण जास्त रडू नकोस. दादानं मला फोन करायच्या आधी तुला केला होता, ते मला माहीत आहे. चार महिने आबांना गडहिंग्लजला ने म्हणाला. तू म्हणालीस, घर लहान आहे. मग म्हणालीस, "तुम्ही दोघं काय करायचं ते करा, फक्त मला सांगू नका." म्हणून मुद्दाम सगळं सांगतोय.

भाजल्यावर पण आबा म्हणाले, मला गाडीत बसवा. दादानं खांद्याला धरलं, मी पायाला. तो पाय गार होता आणि माझ्या हातातनं सारखा घसरत होता. मला ते जमेना. दादा लग्नाला गारगोटीला गेला तेव्हा मी यार्डात गाडी उघडली आणि जुना पत्रा, जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. गाडी परत लोण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी यार्डात पोचल्यावर आबांनी मला काचेपाशी बोलावलं.

"काय केलंस गाडीला?"

"काय न्हाय, आबा. तेल बदललंय."

"तेल बदलून गिअर मऊ हुतोय व्हय रं? उभा जलम स्टेरिंगवर गेला माझा."

"तुमच्या पाठीला तरास—"

"पाठ माझी हाय. मला खाली उतरवायला केलतंसा नव्हं? थोरल्यानं सांगितलं आन तू केलंस. पयल्याच दिशी कळलंय मला, यार्डाच्या गेटात यायच्या आत." मग हमालांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पर काम नंबरी केलतंस. गिअर कसा, दगडावर दगड ठेवल्यागत. जन्मात एक काम धड केलंस, तेबी मोडून ठिवलंस. परत घाल त्ये. बघू कोन उतरतंय."

दादा शेजारी च्या घेऊन उभा होता. म्हणाला, "आबा म्हणत्यात तसं कर की."

आक्का, दुसरा कुठला दिवस असता तर मी स्टँडवर जाऊन दिसेल त्या गाडीत बसलो असतो. मलकापूर काय, लुधियाना काय. पण आबांनी हमालांपुढं माझ्या कामाला नंबरी म्हटलं. ते ऐकायला मी किती गावं फिरलो. आता त्यांची पाठ राहो की जावो, मला तसं परत ऐकायचंय.

तेल निथळायला लावलंय. निथळलं की मोठ्या भोकांचा पत्रा बसवतो. स्प्रिंगा पण त्याच. तू फोन करून अडवू नकोस, अडवायचं असतं तर गणपतीतच अडवलं असतंस. नेणार असलीस तर गाडी घेऊन ये आणि ने. येणार नाहीस, मला माहीत आहे.

आयुष्यात पहिल्यांदाच बापाचा आज्ञाधारक,
कृष्णात